ऊद, उदमांजर आणि पाणमांजर : एका नदीवासी प्राण्याची ओळख

१

काही वर्षांपूर्वी एका बोली-सर्वेक्षणाच्या निमित्ताने पशुपक्ष्यांच्या नावांची एक प्रश्नावली प्रस्तुत लेखकाकडे भाषांतरासाठी आली. मूळ प्रश्नावली हिंदीत होती व तीत 'ऊदबिलाव' असा एक शब्द होता. बिलाव म्हणजे मांजर. तेव्हा मराठी रकान्यात 'उदमांजर' असे लिहून लेखक मोकळा झाला. प्रश्नावली गावोगाव फिरून परत आली, तेव्हा ह्या एका प्रश्नाला होकारार्थी उत्तरे भरघोस मिळाली होती. मात्र उत्तरांपुढील शेरे विचित्र होते. 'रात्री कौलांवर खडबडतो', 'शिंदीच्या झाडावर असतो', 'पिकलेली पपई ठेवत नाही', अशा स्वरूपाचे ते होते. हिंदीतील ऊदबिलाव हा नदीत राहणारा व मासे खाऊन जगणारा प्राणी होय. त्याने पपई खाण्याचे व कौलांवर चढण्याचे कारण नव्हते. ज्या गावांत उन्हाळ्यात विहिरीही आटतात, तेथेही हा नदीवासी प्राणी भरपूर आहे असे आकडे सांगत होते. चूक लोकांची नव्हती. त्यांनी मराठी शब्दाचे मराठी उत्तर दिले होते. चूक भाषांतरकाराची, म्हणजे प्रस्तुत लेखकाची होती. तो संपूर्ण रकाना रद्द करावा लागला.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, अशी चूक केवळ शब्दकोशापुरती राहत नाही. आपल्या देशात वन्य प्राण्यांच्या आढळाविषयीची बरीचशी माहिती अद्यापही नदीकाठच्या रहिवाशांना, मच्छीमारांना व गुराख्यांना विचारून गोळा केली जाते. त्या माहितीचे मूळ प्रश्नातल्या एका नामावर उभे असते. नाम चुकले की जेथे प्राणी नाही तेथे तो कागदावर उत्पन्न होतो. आणि एकदा कागदावर तो विपुल ठरला म्हणजे नदीतून नाहीसा झाल्याची वार्ता कुणाला लागत नाही. म्हणून पाणमांजराची ओळख हा विषय प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांइतकाच भाषेच्या अभ्यासकांच्याही विचाराचा आहे, असे आम्हांस वाटते.

२

प्रथम 'ऊद' ह्या शब्दाचा इतिहास पाहू. संस्कृतात हा प्राणी 'उद्र' ह्या नावाने येतो. त्याचा संबंध उदन्, उदक, समुद्र ह्या पाणीवाचक शब्दकुलाशी आहे. उद्र म्हणजे पाण्यातला. हे नाव अतिशय प्राचीन असून इंडो-युरोपीय भाषांत दूरवर पसरलेले आहे. अवेस्तेत 'उद्र', लिथुएनियनमध्ये 'ऊद्रा', रशियनमध्ये 'विद्रा', जर्मनमध्ये 'ओटर' व इंग्रजीत 'ऑटर' ही सर्व एकाच मुळाची रूपे होत. ग्रीक भाषेत मात्र त्याच मुळाचा 'हुद्रोस' हा शब्द पाणसर्पाचा वाचक झाला. एकच नाव एका भाषेत एका प्राण्याला व दुसरीत दुसऱ्याच प्राण्याला चिकटते, ह्याचे हे आरंभीचेच उदाहरण आहे.

यजुर्वेदाच्या संहितांत अश्वमेधाच्या प्रसंगी सांगितलेल्या पशूंच्या यादीत 'उद्र' येतो. ह्या शब्दाचा अर्थ महीधराने खेकडा असा केला आहे. उलट तैत्तिरीय संहितेवरील भाष्यात त्याचा अर्थ पाण्यातले मांजर असा दिलेला आहे. मॅक्डोनेल व कीथ ह्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वैदिक सूचीत ह्या दुसऱ्या अर्थाच्या आधारे उद्र म्हणजे आपले पाणमांजरच होय, असा निर्णय दिला. महीधरासारख्या विद्वान भाष्यकाराचाही ह्या प्राण्याविषयी घोटाळा व्हावा, ही गोष्ट प्रश्नावलीच्या भाषांतरकाराला थोडा धीर देणारी आहे. नाव ग्रंथांत टिकले व प्राणी डोळ्यांसमोरून दूर झाला, म्हणजे असे होते.

पाली भाषेत उद्रचे 'उद्द' झाले. ससजातकात सशाच्या तीन मित्रांपैकी एक उद्द आहे. दब्भपुप्फ जातकात दोन उद्द मिळून एक मोठा रोहित मासा पकडतात, वाटणीवरून भांडतात आणि न्याय करायला आलेला कोल्हा शेपटी एकाला, डोके दुसऱ्याला देऊन मधला भाग स्वतः घेऊन जातो. ह्या दोघांची नावे लक्षात घेण्यासारखी आहेत. एक गंभीरचारी, म्हणजे खोल पाण्यात हिंडणारा. दुसरा अनुतीरचारी, म्हणजे काठाकाठाने हिंडणारा. एकट्याला न आवरणारा मासा दोघांनी मिळून काठावर ओढावा, हे वर्णन कुणीतरी प्रत्यक्ष पाहून केलेले असावे असा मोह होतो. कारण आपल्याकडील मोठ्या नद्यांत आढळणारी पाणमांजरे खरोखरच समूहाने मासेमारी करतात.

ह्याच कथेचे शिल्प भारहुतच्या स्तूपावर असून त्याच्याशेजारी 'उद जातक' अशी अक्षरे कोरलेली आहेत. कनिंगहॅमने ह्या स्तूपाविषयीचा आपला ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध केला. भारहुत हे मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात, आणि शिल्प इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. त्या काळच्या ब्राह्मी लेखनात द्वित्त दाखवीत नसत. म्हणून 'उद' ह्या लेखनामागे 'उद्द' असा उच्चार असणे शक्य आहे. पुढची पायरी विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. दुग्ध, दुद्ध, दूध ह्या क्रमाने द्वित्त जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला, तसेच उद्र, उद्द, ऊद. 'द्र' ह्या जोडाक्षराच्या परिणतीसाठी मुद्रिकेपासून आलेला 'मुदी' हा शब्दही पाहावा. हिंदीत ऊद, बंगालीत उद्, नेपाळीत ओत, असे ह्या शब्दाचे वंशज आहेत. मराठीत तो 'ऊद' ह्या रूपाने शिल्लक आहे.

३

मराठीत मात्र ह्या शब्दाच्या वाटेत दुसरा एक 'ऊद' आडवा आला. देवघरात जाळतो तो ऊद अरबीतून आला. अरबी 'ऊद' म्हणजे लाकूड, विशेषेकरून सुगंधी अगुरूचे लाकूड. ध्वनीने दोन्ही शब्द तंतोतंत एक झाले. इकडे रानात व गावात एक निशाचर प्राणी होता, ज्याच्या अंगाला उग्र वास येतो. ह्या कुलातील एका जातीला अरबी 'जबाद' ह्या शब्दावरून जवादी मांजर असेही म्हणतात. जबाद म्हणजे ह्या प्राण्याच्या ग्रंथींतून मिळणारे सुगंधी द्रव्य. वासाचे मांजर ते उदमांजर, अशी लोकव्युत्पत्ती सहज जुळते.

परंतु केवळ वासाच्या आधारे सर्व प्रकार उलगडत नाही. मराठीत 'मसण्या ऊद' असाही एक शब्द आहे. हा मसणवटीत प्रेते उकरतो अशी समजूत असून तो कुठे ताडमांजराला, तर कुठे चांदी अस्वलाला लावतात. येथे 'ऊद' हा शब्द मांजराचे विशेषण म्हणून आलेला नाही. तो स्वतःच प्राण्याचे नाव आहे. ह्यावरून उद्रपासून आलेला जुना प्राणिवाचक शब्द पाण्यातून जमिनीवर सरकला व अरबी शब्दाने त्याला आधार दिला, असा दुहेरी प्रवाह मानणे अधिक सयुक्तिक दिसते. परिणाम असा झाला की हिंदीत ऊदबिलाव नदीत राहिला, मराठीतील उदमांजर झाडावर चढले, आणि नदीतल्या प्राण्यासाठी 'पाणमांजर' हे नाव रूढ झाले.

हा घोटाळा नागपुरात विशेष जाणवतो. उत्तर नागपुरातील जरीपटका ही १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीने वाढलेली पेठ. येथे एकाच गल्लीत मराठी, हिंदी व सिंधी ह्या तीन भाषा नांदतात. रात्री गच्चीवरून पळालेल्या प्राण्याला मराठी शेजारी उदमांजर म्हणतो, हिंदी शेजारी ते ऐकून ऊदबिलाव समजतो, आणि सिंधी कुटुंबातील वृद्धांना सिंधू नदीकाठचा 'लुधडो' आठवतो. सिंधमधील पाणमांजरांचा एक स्वतंत्र उपप्रकार पोकॉकने १९४० मध्ये वर्णिलेला आहे. तेव्हा ही आठवण निराधार नव्हे. हा सिंधी शब्द ऐकून लॅटिन 'लुट्रा' ह्या शास्त्रीय नामाची आठवण होणे साहजिक आहे. पण मधल्या पायऱ्या दाखविता येत नाहीत, तोवर ध्वनिसाम्य हा नात्याचा पुरावा ठरत नाही.

४

'पाणमांजर' हे नाव मराठीच्या एका मोठ्या साच्यातून आलेले आहे. पाणी ह्या शब्दाचे समासात 'पाण' होते व त्यापुढे जमिनीवरच्या ओळखीच्या प्राण्याचे नाव येते. पाणकावळा, पाणकोंबडी, पाणघोडा, पाणसाप हे सर्व असेच. ह्यांतील पाणसाप खरोखर साप आहे. पाणकावळा कावळा नव्हे, आणि पाणमांजर मांजर नव्हे. प्राणिशास्त्राप्रमाणे पाणमांजर हे मुस्टेलिडी कुलात मोडते; चांदी अस्वलही त्याच कुलातले. संस्कृत कोशांतील जलमार्जार, जलबिडाल व गुजरातीतील जळबिलाडी ही नावे मराठीच्याच पद्धतीची आहेत.

दक्षिणेकडे वळलो की मांजराच्या जागी कुत्रा येतो. कन्नडमध्ये नीरुनायी, तमिळमध्ये नीर्नाय्, तेलुगूत नीटिकुक्क, ह्या सर्वांचा अर्थ पाणकुत्रा. सिंहली ही आर्यभाषा, तरी तिच्यातील 'दियबल्ला' म्हणजेही पाण्यातला कुत्राच. हिंदीत ऊदबिलाव व पानी का कुत्ता ही दोन्ही नावे चालतात. अवेस्तेतील वेंदिदादच्या तेराव्या व चौदाव्या प्रकरणांत तर ह्या प्राण्याची गणना कुत्र्याच्या वर्गात केलेली असून त्याला मारणाऱ्यास अत्यंत कठोर प्रायश्चित्त सांगितले आहे. त्याच्या हत्येने अवर्षण पडते अशी तेथील श्रद्धा. म्हणून श्वाननाम हे केवळ द्राविड वैशिष्ट्य म्हणता येणार नाही. आमच्या मते ज्यांनी गोल डोके, मिशा व मासळीची आवड पाहिली त्यांनी मांजर म्हटले. ज्यांनी टोळीने पोहणे व भुंकल्यासारखा आवाज लक्षात ठेवला त्यांनी कुत्रा म्हटले. दोन्ही निरीक्षणे खरी, दोन्ही वर्गीकरणे अशास्त्रीय.

५

आता प्रत्यक्ष प्राण्याकडे येऊ. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आढळतात. पहिली, अंगावर आखूड, तुळतुळीत लव असलेली. शास्त्रीय नाव लुट्रोगाले पर्स्पिसिलाटा. मोठ्या नद्या, धरणांचे जलाशय व खाड्यांतील कांदळवने ही हिची वसतिस्थाने. कोकणच्या खाड्या व गोव्यातील मांडवीकाठची चोडण बेटावरील कांदळवने येथे, तसेच विदर्भात पेंच नदीच्या परिसरात दिसते ती हीच. दुसरी, युरेशियाई, लुट्रा लुट्रा. हिचा पसारा युरोपपासून आशियाच्या पूर्व टोकापर्यंत आहे. तिसरी, लहान नखांची, एऑनिक्स सिनेरियस. ही सर्वांत लहान असून हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत व दक्षिणेकडील सह्याद्रीचे ओढे येथे मुख्यतः राहते.

मध्य भारतात युरेशियाई पाणमांजर असल्याचा पहिला छायाचित्ररूप पुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सातपुडा व्याघ्र प्रकल्प आणि कान्हा-पेंच ह्यांना जोडणारा वनपट्टा येथे लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी तो दिला. ह्या वनपट्ट्यातील बालाघाट जिल्हा आपल्या गोंदियाला लागून आहे व वैनगंगा दोहोंची नदी आहे. तेव्हा वैनगंगेच्या खोऱ्यात 'पाणमांजर' एवढाच शब्द ऐकून जात निश्चित करता येत नाही, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

जाती ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे. तुळतुळीत लवीचे पाणमांजर वजनाने साधारण ७ ते ११ किलो. शेपूट टोकाकडे वरून खाली चपटे. युरेशियाईची लव जाडसर व ओली असता झुपक्यांनी उभी राहणारी; शेपूट निमुळते व गोलसर. डोके जवळून दिसले वा छायाचित्र मिळाले तर नाक पाहावे. नाकावरील उघड्या त्वचेची वरची कड युरेशियाईत नागमोडी, इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी असते. तुळतुळीत लवीच्या जातीत ती बहुतांशी सरळ असते. लहान नखांची जात साधारणतः ५ किलोंच्या आत. तिची नखे बोटांच्या पुढे येत नाहीत. वागणुकीतही भेद आहे. तुळतुळीत लवीची पाणमांजरे कुटुंबाने वावरतात व दिवसाउजेडी, विशेषतः सकाळी व सायंकाळी, दिसू शकतात. युरेशियाई बहुधा एकेकटे व रात्री हिंडणारे.

प्राणी प्रत्यक्ष दिसणे हा योगाचा भाग. त्याच्या खुणा मात्र शोधणाऱ्याला सापडतात. ओल्या वाळूत किंवा गाळात पाच बोटांचा ठसा दिसतो, बोटे अर्धवर्तुळाकार पसरलेली असतात व चांगल्या ठशात त्यांमधील पडद्याची रेषाही उमटते. मांजर व कुत्रा ह्या दोघांच्याही ठशात चारच बोटे येतात. मांजराची नखे उमटत नाहीत, कुत्र्याची उमटतात. अशा रीतीने पाणमांजर व पाणकुत्रा ह्या दोन्ही नावांचे खंडन तो प्राणी स्वतःच वाळूवर लिहून ठेवतो. ताडमांजरालाही पाच बोटे असतात, पण त्यांमध्ये पाणमांजरासारखा पोहण्याचा पडदा नसतो.

दुसरी खूण विष्ठेची. पाणमांजरे काठावरील उंच खडक, प्रवाहातील दगड किंवा दोन प्रवाहांचा संगम अशा ठराविक जागी पुनःपुन्हा विष्ठा टाकतात. ती त्यांची परस्परांना निरोप देण्याची रीत होय. तीत माशांचे खवले व काटे आणि खेकड्यांच्या कवचाचे तुकडे गच्च असतात, आणि मासळीचा वास येतो. ताडमांजराच्या विष्ठेत फळांच्या बिया दिसतात. मुंगूसही खेकडे खाते. म्हणून केवळ कवचाचे तुकडे पाहून निर्णय देऊ नये, खवले, जागा व ठसे ह्यांचा एकत्र विचार करावा. ह्यांशिवाय काठावर अंग घासून सपाट केलेली वाळूची जागा आणि काठाच्या कपारीतील बीळ ह्याही खुणा होत.

पाण्यात पोहताना डोके व पाठीचा थोडा भाग एवढेच वर दिसते व मागे पाचरीच्या आकाराची लाट पसरत जाते. बुडी मारताना पाठीची कमान व शेवटी शेपूट दिसते. दुरून पाणकावळा, पोहणारी घोरपड किंवा कासवाचे डोके ह्यांनी फसगत होते. पाणकाव्ळ्याची मान उभी व बारीक असते. घोरपडीचे शरीर नागमोडी हलते. कासवाचे डोके वर येऊन जागीच नाहीसे होते. टोळीतील पाणमांजरे एकमेकांना शीळ घातल्यासारखे तीव्र स्वर काढतात, हीही ओळखीची खूण आहे.

६

वरील विवेचनावरून सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक साधी पद्धत निष्पन्न होते. नाव अगोदर सांगून 'हा प्राणी येथे आहे काय' असे विचारू नये. तसे विचारल्यास उत्तर प्राण्याविषयी मिळत नाही, शब्दाविषयी मिळते. आधी रूप व वागणूक विचारावी. तो पाण्यात बुडी मारतो की काठावरूनच मासा धरतो? एकटा दिसतो की चारपाच मिळून? झाडावर चढताना कुणी पाहिला आहे काय? शेपटीवर पट्टे आहेत काय? दगडावर त्याची घाण दिसते काय, व तीत काय असते? जाळे फाडतो काय? ही उत्तरे लिहून झाल्यावर मगच विचारावे की ह्याला तुमच्यात काय म्हणतात. मिळालेले नाव उच्चाराप्रमाणे, सांगणाऱ्याची बोली व गाव ह्यांसह नोंदवावे. प्रमाण मराठीत त्याचे रूपांतर करू नये. एकोणिसाव्या शतकात जर्डन, स्टर्न्डेल, ब्लॅनफर्ड ह्यांनी आपल्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथांत प्रत्येक जातीपुढे देशी नावे देण्याची प्रथा पाळली. तिचा उपयोग मोठा. परंतु एका भाषेला एक नाव हा त्यांचा साचा बोलींच्या वास्तवाला अपुरा आहे.

हे काम लवकर व्हावयास हवे, ह्याचे कारण प्राण्याच्या स्थितीतच आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तुळतुळीत लवीचे व लहान नखांचे पाणमांजर 'असुरक्षित' वर्गात, तर युरेशियाई 'संकटासन्न' वर्गात आहे. २०१९ मध्ये पहिल्या दोन जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात समावेश झाला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ह्या प्राण्यांच्या शिकारीस मनाई केलेली आहे. तथापि कातड्यासाठी होणारी चोरटी शिकार, जाळ्यांत अडकून होणारे मृत्यू व नदीपात्रातील वाळूचा उपसा ह्यांनी त्यांची वसतिस्थाने आक्रसत आहेत. वाळू गेली की ठसा उमटवायलाही जागा उरत नाही. नागपूर शहराच्या नाग व पिवळी ह्या नद्यांची आजची अवस्था पाहता तेथे पाणमांजराचा शोध कुणी घेणार नाही. परंतु त्याच पाण्याचा प्रवास पुढे कन्हानमार्गे वैनगंगेत होतो, हे विसरून चालणार नाही.

विभागातील अनेक विद्यार्थी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांतून येतात. त्यांच्या घरी ढीवर समाजातील वृद्धांना ह्या प्राण्यासाठी कोणता शब्द ठाऊक आहे, आणि तो प्राणी त्यांनी शेवटी केव्हा पाहिला, एवढ्या दोन गोष्टी प्रत्येकाने सुटीत जाऊन लिहून आणल्या तरी मोठे काम होईल. रद्द झालेला तो रकाना प्रस्तुत लेखकाने अद्याप जपून ठेवला आहे. तो भरावयाचा झाल्यास ह्या वेळी पहिल्या ओळीत नाव येणार नाही. वर्णन येईल, आणि नाव सांगणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले असेल.